रात्र मालकाच्या नफ्याची, मग जबाबदारी बाईची कशी?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. राजापूर तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत विहारात महिलांची बैठक होती. विषय खरे तर बचत गटाच्या कर्जाचा. बैठक संपत आली तेव्हा एक ताई उठल्या, पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "तुम्ही शिकलेल्या, जरा वाचून सांगा, आम्ही कशावर सही केली ती."

कागद टाइप केलेला होता. मजकूर तीनच ओळींचा. सही करणारी स्त्री संध्याकाळी सातनंतर काम करायला स्वखुशीने तयार आहे, तिच्यावर कुणाचा दबाव नाही आणि जाण्यायेण्याची जबाबदारी तिची स्वतःची राहील. खाली सही किंवा अंगठा. मालकाचे नाव नाही, शिक्का नाही, तारीखसुद्धा नाही.

आंब्याचा हंगाम होता. पल्प काढणाऱ्या एका युनिटमध्ये या वाडीतल्या बारा जणी जात होत्या. पिकलेला आंबा थांबत नाही, म्हणून काम रात्री साडेदहा-अकरापर्यंत चालायचे. सकाळी मालकाचा टेम्पो थेट वाडीत यायचा. रात्री मात्र तोच टेम्पो महामार्गावरच्या फाट्यावर सोडून निघून जायचा. फाट्यापासून वाडी अडीच किलोमीटर. दिवे नाहीत, दोन्ही बाजूला झाडी. मी विचारले, "बिबट्याची भीती वाटत नाही का?" एक बाई हसून म्हणाली, "बिबट्याचा काय नाय ओ ताई, फाट्यावर पिऊन बसतात त्यांचाच भ्याव वाटता."

सकाळी टेम्पो वाडीत येतो, कारण तेव्हा मालकाला हात हवे असतात. रात्री तो फाट्यापर्यंतच जातो, कारण हातांचे काम संपलेले असते. उरते ती बाई, आणि बाईशी मालकाचे देणेघेणे नाही. त्या रात्री घरी आल्यावर मी रात्रपाळीच्या कायद्याचा इतिहास पुन्हा काढून वाचत बसले. वाचताना एक गोष्ट ठसत गेली. गेली सव्वाशेहून अधिक वर्षे हा कायदा एकच प्रश्न विचारत आला आहे : रात्री बाईने कुठे असावे? रात्री बाईला कामावर ठेवणाऱ्याने तिचे काय देणे लागते, हा प्रश्न त्याने फार उशिरा विचारला, आणि अजून पुरता विचारलेला नाही.

रात्र आपल्याला नवी नाही

आपल्या समाजाला रात्रपाळी कारखान्याने शिकवली नाही. देशावरच्या गावांत वेशीवर रात्रभर जागणारा वेसकर कोण होता? महार. गावचा दरवाजा त्याने राखायचा, पाटलाचा निरोप अपरात्री त्याने पोचवायचा, सरकारी सामान त्याने वाहायचे. वतनदार महार घरी नसेल तर त्याच्या कुटुंबातल्या माणसाला धरून नेत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांचा एक मुख्य आक्षेप हाच होता : या कामाला वेळेची मर्यादा नाही, आणि मोबदल्याची हमी नाही. चोवीस तास हुकुमाचा ताबेदार राहायचे आणि बदल्यात बलुते मागत दारोदार फिरायचे.

आमच्या कोकणात वतनापेक्षा खोती मोठी होती. खोताच्या शेतावर वेठीने राबताना दिवस किती आणि रात्र किती हे कोण मोजणार? १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागे रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुळांचे हे जगणे होते. प्रत्यक्ष खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

तमाशाच्या बोर्डावर रात्र रात्र नाचणाऱ्या स्त्रिया कोणत्या जातींच्या होत्या, हे महाराष्ट्राला सांगायची गरज नाही. त्या रात्री जागतात म्हणून कुणा संस्कृतिरक्षकाची झोप उडाली नाही. उलट त्या जागत होत्या म्हणून गावाची करमणूक होत होती. म्हणजे 'बाईने रात्री बाहेर राहू नये' हा नियम सगळ्या बायांसाठी कधीच नव्हता. तो घरंदाज ठरवलेल्या बाईसाठी होता. दलित, भटक्या आणि आदिवासी बाईची रात्र गावाला मोकळी होती. हे लक्षात ठेवूनच पुढचा कायद्याचा इतिहास वाचायला हवा.

गिरणी, लोखंडे आणि बंदी

रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना सर्वांत जास्त माणसे पुरवली. जैतापूर, मुसाकाजीच्या बंदरातून बोटीत बसायचे आणि मुंबईला उतरायचे, हा आपल्या आजा-पणजांचा रस्ता. पुरुषांच्या मागोमाग बायकाही गेल्या. त्या प्रामुख्याने वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात लागल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता.

या कामगारांच्या वेळेचा प्रश्न प्रथम संघटितपणे मांडला तो सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्यांनी सरकारकडे पाठवले. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार वेळेवर आणि अपघात झाला तर भरपाई. मागण्या एवढ्याच. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला हजारो कामगारांची सभा झाली आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी विहारात जमतो, त्या रविवारामागे त्या दोन अनाम बायांचाही आवाज आहे.

त्या काळात राष्ट्रवादी म्हणवणाऱ्या अनेक वृत्तपत्रांचा फॅक्टरी कायद्याला विरोध होता. त्यांचे म्हणणे, हा मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा डाव आहे, हिंदी धंदा बुडवण्यासाठी ते आपल्या कामगारांचा कळवळा दाखवत आहेत. यात काही खोटे नव्हते. मँचेस्टरला स्पर्धा नको होती हे खरेच. पण लोखंड्यांचे मोठेपण असे की देशी मालकाचे हित म्हणजे देशाचे हित, हे समीकरण त्यांनी मानले नाही. कामगाराची बाजू घ्यायला त्यांना मँचेस्टरची परवानगी लागली नाही आणि देशी शेटजींचीही लागली नाही.

१८९१ च्या फॅक्टरी कायद्याने स्त्रियांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले, मध्ये दीड तासाची विश्रांती सांगितली आणि रात्री आठ ते पहाटे पाच त्यांना कामावर ठेवायला मनाई केली. मंजूर पाळ्यांची पद्धत जिथे होती तिथे सूट होती. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादा निकालात निघाली. १९०५ च्या सुमारास मुंबईत चौदा-पंधरा तास गिरण्या चालत होत्या. ओरड झाली, चौकशी झाली आणि १९११ च्या कायद्याने स्त्रियांसाठी संध्याकाळी सात ते पहाटे साडेपाच ही बंदी घट्ट केली. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्याच परिषदेत स्त्रियांच्या रात्रपाळीविरुद्ध करार झाला आणि १९२१ मध्ये हिंदुस्थानने तो मान्य केला. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ६६ ने तेच सूत्र ठेवले : स्त्रीचे काम सकाळी सहा ते संध्याकाळी सात. राज्य सरकारला वेळ थोडी बदलता येईल, पण रात्री दहा ते पहाटे पाच नाहीच.

ही बंदी वाईट होती असे सरसकट म्हणता येणार नाही. चौदा तास राबून घरी येऊन चूल पेटवणाऱ्या बाईला रात्रीची झोप मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. पण बंदीची किंमत कुणी भरली? गिरण्यांत जसजशा रात्रपाळ्या वाढल्या, नवी यंत्रे आली, प्रसूतीच्या हक्कांचा कायदा आला, तसतसे 'बाई परवडत नाही' हे वाक्य मालकांच्या तोंडी बसले. तिला रात्री बोलावता येत नाही, तिला बाळंतपणाचे पैसे द्यावे लागतात, मग पुरुषच घ्या. पाचवा हिस्सा असलेल्या स्त्रिया पुढच्या पन्नास वर्षांत गिरण्यांतून जवळजवळ नाहीशा झाल्या. कारणे अनेक होती, पण संरक्षणाचा कायदा हे मालकाच्या हातातले एक सोयीचे निमित्त झाले. अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात शिरू दिले जात नव्हते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ होई. एकाला विटाळाच्या नावाने चांगल्या कामापासून दूर ठेवले, दुसरीला संरक्षणाच्या नावाने. दोघांनाही वाट्याला आले ते उरलेले आणि स्वस्त काम.

बंदीची भोके कुठे होती?

आता या बंदीतून कोण वगळले गेले ते पाहा. कायद्याचा खरा स्वभाव त्याच्या अपवादांत दिसतो.

१९११ च्या कायद्यात रात्रीची बंदी होती, पण कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांना सूट होती. हंगामी धंदा, कापूस आला की काम उरकायला हवे. जिनिंगमध्ये राबणारी बाई कोण? खानदेश-वऱ्हाडातली भूमिहीन बाई.

१९४८ च्या कायद्याचे कलम ६६ पुढे वाचले तर पोटकलम दोन लागते. मासळी खारवण्याच्या आणि डबाबंद करण्याच्या कारखान्यांतल्या स्त्रियांना सरकार नियम करून या बंदीतून वगळू शकते. कशासाठी? कच्चा माल खराब होऊ नये यासाठी. आम्ही किनाऱ्यावरची माणसे. आम्हाला याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. ट्रॉलर रात्री लागला की कोळंबी सोलायला बाई रात्रीच हवी. बर्फाच्या पाण्यात हात घालून, ओल्या फरशीवर उभे राहून. केरळच्या किनाऱ्यावरच्या तरुण मुली कंत्राटदारांमार्फत महाराष्ट्र आणि गुजरातच्या मासळी कारखान्यांत याच कामासाठी आणल्या गेल्या. म्हणजे १९४८ सालीच कायद्याला हे मान्य होते की काही बाया रात्री काम करतील. फक्त तो अपवाद बाईच्या गरजेवरून ठरला नाही, कोळंबीच्या गरजेवरून ठरला. कोळंबी सडू नये म्हणून बाईने जागायचे. जागून ती घरी कशी जाईल, ते कलमात नाही. अटी घालायच्या की नाही, ते राज्य सरकारवर सोडले.

तिसरे उदाहरण आपल्याला थोडे अवघड वाटेल, पण इतिहास सोयीपुरता वाचायचा नसतो. कोळसा खाणींत जमिनीखाली स्त्रियांनी काम करण्यावर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि ती १९३९ पर्यंत पूर्ण होणार होती, झालीही. दुसरे महायुद्ध आले, कोळसा कमी पडू लागला, आणि १९४३ मध्ये सरकारने बंदी उठवली. पुन्हा त्याच बाया, बहुतेक दलित आणि आदिवासी, अंधाऱ्या खाणीत. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते बाबासाहेब. फेब्रुवारी १९४४ मध्ये कायदेमंडळात या निर्णयावर कडक टीका झाली आणि उत्तर त्यांना द्यावे लागले. त्यांनी निर्णयाचे समर्थन केले ते युद्धकाळातला तात्पुरता उपाय म्हणून. पण त्याच उत्तरात त्यांनी एक मुद्दा ठासून मांडला, तो आपण विसरता कामा नये : खाणीत उतरणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकेच वेतन मिळेल, आणि समान कामाला समान वेतन हे तत्त्व या देशातल्या एखाद्या उद्योगात प्रथमच लागू होत आहे. पुढे खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाचा कायदाही त्यांच्याच काळात सुधारला. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

काही टीकाकार या प्रसंगावरून बाबासाहेबांना बोल लावतात, काही अनुयायी तो प्रसंगच वगळतात. मला दोन्ही मान्य नाही. त्या प्रसंगाने दोन गोष्टी शिकवल्या. एक, बंदी ही भांडवलाच्या गरजेपुढे फार टिकत नाही. गरज पडली की ती उठते, गरज संपली की बसते. दुसरी, बंदी उठतेच आहे तर मालकावर काय बंधन घालता, हा प्रश्न विचारणारा माणूस त्या खुर्चीत बसलेला होता.

बाबासाहेबांनी हिशेब कुणाच्या नावावर लिहिला?

याचे मूळ आणखी मागे आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली. मालकांच्या बाजूचा आक्षेप नेहमीचाच : बाळंतपण हा बाईचा खासगी मामला, त्याचे ओझे उद्योगावर का? बाबासाहेबांचे उत्तर थोडक्यात असे होते. आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, म्हणून सरकारवर जबाबदारी येते हे खरे. पण मालक स्त्रीला कामावर ठेवतो ते उपकार म्हणून ठेवत नाही. तिला ठेवण्यात त्याला जास्त फायदा दिसतो म्हणून ठेवतो. ज्याला फायदा आहे त्याने काही अंशी तरी भार उचललाच पाहिजे. १९२९ मध्ये तो कायदा झाला.

हे तर्कशास्त्र नीट समजून घ्या. इथे बाईच्या शीलाची चर्चा नाही. तिच्या नाजूकपणाची चर्चा नाही. इथे आहे फायदा आणि जबाबदारी यांचा सरळ हिशेब. सात महिने आधी, २५ डिसेंबर १९२७ ला, महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले तो ग्रंथ बाईला बापाच्या, नवऱ्याच्या आणि मुलाच्या रक्षणाखाली ठेवतो. तिथे रक्षण म्हणजे ताबा. रात्रपाळीच्या बंदीमागेही हीच भाषा डोकावते : बाई घरात सुरक्षित, बाहेर गेली तर तिचे ती बघेल. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये ही भाषाच बदलली. बाई कुठे असावी हे मालकाने वा कायद्याने ठरवायचे नाही. ती जिथे काम करते तिथे तिच्या श्रमातून कुणाचा खिसा भरतो ते पाहा आणि बिल त्याच्या नावावर फाडा.

हाच हिशेब रात्रीला लावला की सगळे स्पष्ट होते. आंबा रात्री कापला गेला नाही तर नुकसान कुणाचे? मालकाचे. रात्री कापल्याने वाचलेला पैसा कुणाचा? मालकाचा. मग रात्रीमुळे निर्माण होणारा धोका तेवढा बाईचा कसा?

बंदी उठली, पुढे काय?

८ डिसेंबर २००० रोजी मद्रास उच्च न्यायालयाने कलम ६६ मधली रात्रीची बंदी घटनाबाह्य ठरवली. समतेच्या कलमांशी ती जुळत नाही, बाईला केवळ बाई म्हणून कामापासून दूर ठेवता येणार नाही, असा निकाल. न्यायालय एवढ्यावर थांबले नाही. बाईला रात्री बोलवायचे असेल तर मालकाने काय केले पाहिजे याची यादीच दिली. लैंगिक छळ रोखण्याची व्यवस्था, एकटी-दुकटी न ठेवता किमान दहा जणींचा गट, घरापासून ने-आण, दिवसपाळी आणि रात्रपाळी यांत किमान बारा तासांची विश्रांती, फाटकावर महिला सुरक्षारक्षक. बंदीच्या जागी कर्तव्य आले. ही खरी उडी होती.

पण कर्तव्य कागदावर आणि रस्त्यावर यांत अंतर राहिले, आणि त्याची किंमत मुलींनी जिवाने चुकवली. डिसेंबर २००५ मध्ये बंगळूरमध्ये कॉल सेंटरच्या रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीचा गाडीच्या चालकाने खून केला. नोव्हेंबर २००७ मध्ये आपल्या पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला, आणि गाडी कंपनीने ठरवलेली होती. बंगळूरच्या प्रकरणात कंपनीच्या प्रमुखाविरुद्ध खटला भरला गेला. तो रद्द करावा म्हणून ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी २००८ मध्ये न्यायालयाने खटला रद्द करायला नकार दिला. गाडी ठरवून दिली की मालकाचे कर्तव्य संपले, असे समजायला जागा राहिली नाही.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती करून सुरक्षिततेच्या अटींवर स्त्रियांना रात्रपाळी खुली केली. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम करायला बाईची संमती आवश्यक केली आणि त्याच कलमात मालकावर तिची प्रतिष्ठा आणि सुरक्षितता जपण्याचे, लैंगिक छळापासून संरक्षणाचे आणि घराच्या दारापर्यंत वाहनाचे बंधन घातले. दारापर्यंत, फाट्यापर्यंत नव्हे! २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षितता संहितेचे कलम ४३ म्हणते, स्त्री सर्व प्रकारच्या कामांत काम करू शकेल आणि तिच्या संमतीने, सुरक्षितता, सुट्टी आणि तासांच्या अटींवर रात्रीही काम करू शकेल.

ऐकायला छान वाटते. पण आता पुन्हा भोके शोधा. नव्या संहितेत विजेवर चालणारा कारखाना म्हणजे वीस कामगारांचा, विजेशिवाय चाळीसचा. जुन्या कायद्यात हेच आकडे दहा आणि वीस होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने कायद्याची मर्यादाही दहावरून वीस कामगारांवर नेण्याला मंजुरी दिली. आमच्या राजापूर, लांजा, देवगड पट्ट्यातली काजू फोडण्याची शेड किती बायांची असते? आठ, दहा, पंधरा. आंबा पल्पचे युनिट? हंगामात पंचवीस, हंगाम संपला की चार. हजेरीपटावर तर त्याहून कमी. म्हणजे कायद्याचे दार मोठ्या शहरातल्या मोठ्या इमारतीसाठी उघडले, आणि वाडीतल्या बाईसाठी उंबरा आणखी वर नेला. १९११ ला जिनिंग वगळले, १९४८ ला मासळी वगळली, आता छोटी शेड वगळली. वगळलेल्या बाईची जात मात्र फारशी बदलली नाही.

संमतीचा कागद

आता त्या ताईंच्या कागदाकडे परत येऊ. कायद्यात संमती हा शब्द बाईच्या बाजूने आला. तिला 'नाही' म्हणता यावे म्हणून. मालकाने तोच शब्द उचलला आणि आपली सुटका करून घेतली. संमती दिली म्हणजे जबाबदारी तुझी.

ज्या घरात पावसाळ्याचा बाजार मेच्या मजुरीतून भरायचा असतो, मुलाची जूनची फी द्यायची असते, तिथली संमती किती मोकळी असते? सही केली नाही तर उद्यापासून टेम्पोत जागा नाही, हे तिला न सांगताही कळते. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही याला संरचनात्मक सक्ती म्हणायचो. वाडीत त्याला दुसरे नाव आहे : पोट. दुसरे असे की कायद्याने मालकावर टाकलेले कर्तव्य कामगाराच्या सहीने संपत नसते. कारखान्याच्या यंत्राला जाळी लावायची नाही अशी संमती कामगाराने दिली, म्हणून मालकाला जाळी काढता येत नाही. वाहनाचेही तेच.

रस्ता कामाचा भाग नाही, असेही कुणी म्हणेल. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर मराठवाड्यातल्या साखर कारखान्याच्या एका पहारेकऱ्याचे प्रकरण आले. पहाटे तीनच्या पाळीला जाताना २००३ मध्ये तो रस्त्यात अपघातात गेला होता. कामाच्या वेळेशी आणि जागेशी संबंध सिद्ध होत असेल तर वाटेतला अपघातही नोकरीच्या ओघात घडलेला मानता येईल, असे न्यायालयाने सांगितले. घरच्यांना बावीस वर्षे थांबावे लागले. लैंगिक छळविरोधी २०१३ च्या कायद्यातही मालकाने दिलेले वाहन हे कामाचे ठिकाणच आहे. तो कायदा ज्या विशाखा निकालातून (१९९७) आला, त्यामागे होती राजस्थानातली भंवरीदेवी. मागास जातीची, सरकारच्या कार्यक्रमात काम करणारी. सरकारचे काम केले म्हणून गावातल्या वरच्या जातींच्या पुरुषांनी तिच्यावर अत्याचार केला, आणि काम देणाऱ्याने तिला संरक्षण दिलेले नव्हते. म्हणजे आज शहरातल्या काचेच्या ऑफिसातही ज्या कायद्याचा आधार घेतला जातो, तो एका बहुजन बाईच्या जखमेतून जन्मला आहे. तोच कायदा आमच्या फाट्यावर पोचत नसेल तर त्याचा अर्थ काय?

"आपल्या मुलींनी जाऊच नये"

विहारातल्या त्या बैठकीत शेवटी एक ज्येष्ठ काका बोलले. तळमळीचा माणूस, चळवळीत आयुष्य गेलेले. ते म्हणाले, "हे सगळे कशाला? आपल्या मुलींनी रात्री कामाला जाऊच नये." काही जणींनी माना डोलावल्या. मला राग आला नाही, पण गप्प बसणे बरोबर वाटले नाही. मी म्हटले, "काका, तुमची मुलगी मुंबईत नर्स आहे ना? तिची रात्रपाळी बंद करायची का?" ते हसले.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवरच्या डॉक्टर तरुणीवर अत्याचार करून तिचा खून झाला. त्यानंतर तिथल्या राज्य सरकारने स्त्रियांना शक्यतो रात्रपाळी देऊ नये असे सुचवले. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर सरकारचे कान उपटले. सुरक्षा देणे तुमचे काम आहे, बाईला कामावरून हटवणे हा उपाय नाही, असा त्याचा आशय होता. १८९१ पासून आपण हाच धडा पुन्हा पुन्हा शिकतो आहोत. गुन्हेगार रात्री फिरतो, म्हणून बाईने घरात बसायचे. याला न्याय म्हणत नाहीत. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याची कसोटी सांगितली. ती कसोटी दिवसापुरती नव्हती.

मग मागायचे काय?

भाषणे पुष्कळ झाली, म्हणून नेमके सांगते. रात्री सातनंतर बाईला कामावर ठेवणाऱ्या प्रत्येक मालकाकडे, त्याच्याकडे पाच जणी असोत की पाचशे, आपण एवढे मागू :

१. वाहन घराच्या दारापर्यंत. वाडीत गाडी जात नसेल तर जिथे जाते तिथपासून सोबत.

२. संमती लेखी असावी, तिची प्रत बाईकडे असावी आणि ती कधीही मागे घेता यावी. मागे घेतली म्हणून दिवसाचे काम जाऊ नये. त्या कागदावर बाईच्या कर्तव्याआधी मालकाची कर्तव्ये लिहिलेली असावीत.

३. रात्री एकटी बाई कामावर नको, गट हवा.

४. दिवा असलेले, कडी लागणारे स्वच्छतागृह आणि बसायला जागा. तान्हे मूल असेल तर त्याची सोय.

५. जादा तासांचा दुप्पट दर. तो कारखाना कायद्यात आधीपासून आहे, तो उपकार नाही.

६. रात्री अकराला सुटलेल्या बाईला सकाळी सातला पुन्हा टेम्पोत बसवायचे नाही. मध्ये पुरेशी विश्रांती.

७. दहापेक्षा कमी कामगार असतील तिथे छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ही माहिती शेडच्या भिंतीवर मराठीत लावलेली असावी.

छोटा मालक म्हणेल, परवडत नाही. त्यालाही हिशेबानेच उत्तर देऊ. आम्ही चौघी त्या युनिटवर गेलो तेव्हा हेच केले. फाटा ते वाडी अडीच किलोमीटर, जाऊन-येऊन पाच. टेम्पोला अर्धा लिटर डिझेल. पन्नास रुपयांच्या आत बारा बाया घरी पोचतात, माणशी चार रुपये. मालक आधी म्हणाला, "त्यांनी सही दिली आहे." मग म्हणाला, "ड्रायव्हर ऐकत नाही." शेवटी गप्प बसला. हंगामाचे उरलेले बारा दिवस टेम्पो रात्री वाडीपर्यंत आला. पुढच्या मेमध्ये काय होईल ते मला माहीत नाही. म्हणून या वर्षी आंबा पिकायच्या आधीच बसायचे ठरले आहे, आणि सात कलमांचा कागद आमच्या बाजूने तयार आहे. या वेळी सही मालकाने करायची आहे.

ज्या वाचकांच्या गावात काजू, मासळी, आंबा किंवा हॉटेलात बाया रात्री राबतात, त्यांनी आपल्या विहारात एकदा तरी हा विषय घ्यावा. बायांना विचारा, रात्री गाडी कुठपर्यंत येते? उत्तर 'फाट्यापर्यंत' असेल, तर काम तिथून सुरू करायचे आहे.

जय भीम! जय संविधान!